पंखाखाली काय लटकलंय? आधी नाक बघा

मी प्लास्टिकच्या विमानांची मॉडेल्स जोडतो, बहुतेक १:७२ या प्रमाणातली. विमान जोडायला जो वेळ लागायचा तो लागतोच, पण खरी डोकेफोड होते ती पंखाखाली काय लावायचं यावर. किटमध्ये पाच-सहा प्रकारची शस्त्रं दिलेली असतात आणि सूचनापत्रकावर बाण काढून ती सगळी एकाच विमानाला चिकटवून दाखवलेली असतात. खऱ्या विमानावर असं दिसत नाही. मग खरे फोटो शोधायचे, मोठे करून न्याहाळायचे आणि ठरवायचं की हे नक्की आहे तरी काय.

या नादामुळे ओळखीतली मंडळी बातम्यांतले फोटो मला पाठवत असतात. ‘दादा, हे कुठलं मिसाइल?’ दर वेळी उत्तर देण्यापेक्षा बघायचं कसं तेच सांगून टाकावं, म्हणून हे लिहितोय. विमानातून किंवा हेलिकॉप्टरमधून सुटून जमिनीवरच्या अथवा समुद्रातल्या लक्ष्यावर जाणारी क्षेपणास्त्रं, एवढाच इथला विषय. विमानाने विमानावर सोडायची ती वेगळी जात.

नावाच्या मागे लागू नका. नाव शेवटी येतं, आणि कधी कधी येतच नाही. हे ‘बघतं’ कसं, उडतं कशावर आणि लटकलंय कशाला, ही तीन उत्तरं मिळाली की फोटोचं बरंचसं काम झालं.

आधी बाकीचं बाजूला काढा

पंखाखाली जे लांबुळकं दिसतं ते सगळं क्षेपणास्त्र नसतं. सगळ्यात फुगीर, गुळगुळीत आणि दोन्ही टोकांना निमुळतं होत गेलेलं असेल तर ती बहुधा इंधनाची जादा टाकी. पुढे काचेचा गोळा किंवा तिरप्या काचा आहेत आणि पंख अजिबात नाहीत, तर तो लक्ष्य शोधण्याचा पॉड, म्हणजे बाहेर टांगलेलं उपकरण. तो कुठेही डागला जात नाही, विमानाबरोबर जातो आणि विमानाबरोबर परत येतो. फोटोओळीत मात्र त्याला हमखास ‘घातक क्षेपणास्त्र’ केलेलं असतं.

बॉम्ब ओळखण्यात जास्त गफलत होते. पेव्हवे, जेडॅम, स्पाइस ही बॉम्बला दिशा देणारी किट आहेत. दिशा दाखवणारं यंत्र आणि पंख बसवलेला साधा बॉम्ब, मोटर नाही. म्हणून शेपटीकडे बघायचं. मागून नोझलचं, म्हणजे ज्वाळा बाहेर पडायचं, भोक दिसलं किंवा अंगावर हवा घ्यायचं तोंड दिसलं, तर ते स्वतःच्या जोरावर उडतं. दोन्ही नसेल तर ते घरंगळत येतं. फ्रेंच हॅमर या दोहोंच्या मध्ये बसतं: नेहमीचा बॉम्ब, पुढे दिशादर्शक आणि मागे छोटं रॉकेट. काटेकोर माणसं यावर तासन् तास वाद घालतात. मी घालत नाही, दोन्ही नावं चालवून घेतो.

विमानाने विमानावर सोडायची क्षेपणास्त्रं सडपातळ असतात. साइडवाइंडरचा व्यास १२.७ सेंटिमीटर, तर जमिनीवर मारा करणाऱ्या मॅव्हरिकचा सुमारे ३०. मॉडेलवर हा फरक दोन मिलिमीटरपेक्षाही बारीक काडी आणि चार मिलिमीटरचा ठोकळा असा दिसतो. पंखाच्या अगदी टोकाला जे लावलेलं असतं ते जवळजवळ नेहमीच या काडीच्या जातीचं. हेलफायर तेवढं अपवाद. ते जमिनीसाठीचं असूनही व्यास फक्त १७.८ सेंटिमीटर, पण ते हेलिकॉप्टरच्या आखूड पंखांखाली किंवा ड्रोनच्या पंखांखाली, दोन-दोन किंवा चार-चारच्या जुडीत सापडतं. त्यामुळे गोंधळ होत नाही.

आता नाक

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नाकावरून कळतं की हे लक्ष्य कसं ओळखतं. तेवढं कळलं की ते कशावर चालेल, कशावर चालणार नाही आणि सोडल्यानंतर विमानाला काय करावं लागेल, हेही आपोआप कळतं.

नाकाला पारदर्शक काच असेल आणि आत कॅमेऱ्याची भिंगं दिसत असतील, तर ते टीव्हीवर चालणारं. १९७२ मध्ये सेवेत आलेलं पहिलं मॅव्हरिक असंच होतं. वैमानिकाला कॉकपिटमधल्या छोट्या पडद्यावर चित्र दिसायचं, तो रणगाड्यावर फुली आणायचा, क्षेपणास्त्र त्या चित्राला चिकटायचं आणि सोडल्यावर विमान वळून जायला मोकळं. अडचण उघड आहे. अंधारात कॅमेऱ्याला दिसत नाही, आणि मागच्या जमिनीचा आणि लक्ष्याचा रंग एकमेकांत मिसळला की फुली भरकटते.

काच आहे पण आरपार दिसत नाही, पिवळसर किंवा धातूसारखी झाक मारते, तर ते उष्णतेचं चित्र बघणारं, म्हणजे इन्फ्रारेड. आपल्या डोळ्याला दिसणारा प्रकाश आणि त्या लहरी वेगळ्या, त्यामुळे काचही वेगळ्या पदार्थाची. मॅव्हरिकची डी आवृत्ती या गटातली. १९९१ च्या आखाती युद्धात ए-१० विमानांचे वैमानिक रात्री क्षेपणास्त्र न सोडता त्याच्या डोळ्यातून नुसती जमीन न्याहाळत, कारण त्या विमानात तेव्हा रात्री बघायचं दुसरं धड साधन नव्हतं. मॉडेलवर हा फरक दाखवायला मजा येते. टीव्हीच्या नाकाला आत काळा रंग आणि वरून चकचकीत वार्निशचा एक थेंब. इन्फ्रारेडच्या नाकाला काळपट पितळी रंगाचा पातळ हात, वर तसंच वार्निश. चार मिलिमीटरच्या नाकावर एवढं केलं तरी जाणकार लगेच ओळखतो.

लेझरवर चालणाऱ्याच्याही नाकाला काच असते, पण ती बहुधा लहान आणि आतला डोळा साधा. ते लक्ष्याचं चित्र बघतच नाही. कुणीतरी लक्ष्यावर लेझरचा ठिपका पाडलेला असतो, त्या ठिपक्याच्या परावर्तनाकडे ते जातं. हा ‘कुणीतरी’ ते सोडणारं विमान असेल, दुसरं विमान असेल किंवा जमिनीवरचा सैनिक. पण आदळेपर्यंत कुणीतरी ठिपका धरून ठेवायलाच हवा. मध्ये ढग किंवा दाट धूर आला की खेळ संपला. म्हणून लेझरवालं क्षेपणास्त्र दिसलं की मी त्याच फोटोत पॉड शोधतो. सापडला तर विमान स्वतः ठिपका पाडणार. नाही सापडला तर लेझर विमानातच बसवलेलं असेल किंवा दुसरं कुणीतरी जोडीला असेल.

एकाच अंगाला वेगवेगळी नाकं लावायची पद्धत जुनी आहे आणि ओळखायचा सराव करायला ती फार उपयोगी. रशियन केएच-२९ घ्या. एल आवृत्ती लेझरची: नाक निमुळतं, टोकाला छोटा डोळा. टी आवृत्ती टीव्हीची: नाकाच्या जागी जाड काचेचा घुमट. मागचं धूड जवळजवळ तेच. साडेसहाशे किलोंच्या या क्षेपणास्त्रात सव्वातीनशे किलोंच्या आसपास नुसतं वॉरहेड, म्हणजे फुटणारा भाग. पूल आणि काँक्रीटचे निवारे फोडायला बनवलेलं ते, जवळ जाऊनच सोडायचं.

काच कुठेच नाही, नाक अपारदर्शक आणि गुळगुळीत आहे, तर आत रडार असतं. बाहेरून दिसतं ते रेडिओ लहरी आरपार जाऊ देणारं आवरण. एक्झोसेट, हार्पून ही यातली. ती स्वतः लहरी पाठवून जहाज शोधतात. पण याच प्रकारच्या नाकामागे निव्वळ ऐकणारा अँटेनाही असू शकतो. शत्रूचं रडार चालू झालं की त्याच्या लहरींचा माग काढत जाणारी क्षेपणास्त्रं अशी असतात: अमेरिकेचं हार्म, किंवा ९ ऑक्टोबर २०२० रोजी सुखोई-३० एमकेआयवरून चाचणी झालेलं आपलं रुद्रम-१. इथे नाक दगा देतं. केएच-३१ ची ए आवृत्ती जहाजांसाठी आणि पी आवृत्ती रडारसाठी. दूरच्या फोटोत मी या दोघांत फरक करायला जात नाही, नुसतं ‘केएच-३१’ म्हणतो आणि गप्प बसतो.

या गटातलं मला सगळ्यात आवडणारं म्हणजे ब्रिटिशांचं अलार्म, आता निवृत्त झालेलं. शत्रूने रडार बंद केलं तर ते उंच चढायचं, पॅराशूट उघडायचं आणि रडार पुन्हा चालू व्हायची वाट बघत लोंबकळत खाली यायचं.

एक सापळा सांगतो. स्टॉर्म शॅडो या लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्राच्या नाकाला फोटोत काच दिसत नाही, म्हणून ते रडारचं समजू नका. टोकावर टोपी असते, लक्ष्याजवळ आल्यावर ती उडते आणि आतला इन्फ्रारेड कॅमेरा उघडा पडतो. तोवरचा प्रवास ते उपग्रह, जडत्व (स्वतःचीच हालचाल मोजत जाणं) आणि खालच्या जमिनीचे चढउतार यांवर करतं. लांब पल्ल्याची, चौकोनी अंगाची क्षेपणास्त्रं दिसली की ‘डोळा झाकलेला असू शकतो’ हे ध्यानात ठेवायचं.

आणि नाकात काहीच नाही, नुसतं टोक? मग ते फार जुनं. वैमानिक किंवा शेजारचा ऑपरेटर डोळ्यांनी बघून, हातातल्या दांड्याने, रेडिओवरून ते वळवायचा. व्हिएतनाममध्ये वापरलेलं बुलपप असंच. या पद्धतीची सुरुवात दुसऱ्या महायुद्धातली. ९ सप्टेंबर १९४३ रोजी जर्मनांनी फ्रिट्झ-एक्सने इटलीची ‘रोमा’ ही युद्धनौका बुडवली. फ्रिट्झ-एक्सला मोटर नव्हती, म्हणजे वरच्या हिशेबाने तो बॉम्बच. त्याचा समकालीन हेन्शेल एचएस-२९३ ला मात्र रॉकेट होतं. दोन्हींच्या शेपटीत ऑपरेटरला दिसावं म्हणून ज्योत पेटायची. तेव्हा फोटोत नाक कोरं दिसलं की शेपूट बघा.

हवा घेतं की नाही

नाकानंतर पोट. हवा घ्यायचं तोंड नसेल तर रॉकेट. काही सेकंद जळतं, मग मिळालेल्या वेगावर पुढचा प्रवास. तोंड असेल तर आत जेट इंजिन, म्हणजे सहसा लांबचा पल्ला.

हार्पूनच्या पोटाला मागे एक चपटं, अंगात दडलेलं तोंड आहे. बाजूने काढलेल्या फोटोत ते दिसत नाही, खालून काढलेला फोटो लागतो. हवेतून सोडायचं हार्पून ३.८ मीटरच्या आसपास भरतं. जहाजावरून सोडायचं लांब असतं, कारण त्याला मागे बूस्टर, म्हणजे सुरुवातीचा धक्का देणारं रॉकेट, जोडलेला असतो. फोटो विमानाचा आणि माहितीतली लांबी जहाजावरच्या हार्पूनची, हा घोटाळा मी किटच्या डब्यावरसुद्धा छापलेला पाहिलाय.

केएच-५९ एम ओळखायला लहान मूलही चालेल: मागच्या भागाखाली इंजिन वेगळं लटकवलेलं असतं. केएच-५५ मध्ये हेच इंजिन आधी पोटात लपलेलं असतं आणि सोडल्यावर खाली येतं, म्हणून बॉम्बरखाली टांगलेल्या स्थितीतला फोटो आणि उडतानाचा फोटो ही दोन वेगळी क्षेपणास्त्रं वाटतात. अमेरिकेच्या एजीएम-८६ मध्ये तोंड पाठीवर उघडतं, तेही सोडल्यावरच.

केएच-३१ च्या अंगाभोवती चार नळकांडी आहेत. ती हवेची तोंडं, रॅमजेटसाठी, म्हणजे वेगाने आत घुसणाऱ्या हवेवर चालणाऱ्या इंजिनासाठी. रॅमजेट उभ्या-उभ्या सुरू होत नाही, त्याला आधी वेग लागतो. तो वेग द्यायला ज्वलनकक्षातच एक घन इंधनाचं रॉकेट बसवलेलं असतं. ते जळून संपलं की बाहेर फेकलं जातं आणि रिकाम्या जागेत रॅमजेट पेटतं. तोवर चारही तोंडांवर टोकदार बुचं असतात. फोटोत बुचं दिसली तर तोंडं बंद आहेत एवढंच, नळकांड्यांना जादा रॉकेट समजू नका.

ब्राह्मोसचं तोंड थेट नाकात. मधला शंकू आणि भोवती हवेची खाच. वर टोपी बसवलेली असेल तर हे दिसत नाही. हवेतून सोडायची आवृत्ती अडीच टनांची, त्यामुळे सुखोई-३० एमकेआयच्या पोटाखाली एकच मावते. २२ नोव्हेंबर २०१७ रोजी तिची पहिली चाचणी झाली, ती बंगालच्या उपसागरात. पंखाखाली चार ब्राह्मोस दाखवणारं चित्र दिसलं तर ते चित्रच आहे.

पंख आणि शेपटीचे पर यांवर फार वेळ घालवू नका. मधोमध मोठे त्रिकोणी पंख आणि अपारदर्शक नाक म्हणजे हार्मचा संशय घ्यावा, बाकी ठिकाणी पंखांवरून निर्णय करण्यात अर्थ नाही. लांब पल्ल्याच्यांचे तर घडी घालून ठेवलेले असतात.

टांगलंय कसं

दोन पद्धती. रुळावरून घसरत पुढे सुटणारी आणि हुकातून खाली ढकलली जाणारी. मॅव्हरिक, हेलफायर रुळावरून जातात. एक्झोसेट, हार्पून, स्टॉर्म शॅडो आधी खाली पडतात, विमानापासून अंतर पडलं की पेटतात. म्हणून ‘सोडल्याक्षणी’चा फोटो बघून ते निकामी होऊन पडलं असं समजू नये.

मॅव्हरिकसाठी तीन क्षेपणास्त्रांचा एक रूळसंच असतो. फोटोंत त्यावर बहुतेक दोनच दिसतात, आणि रिकामी असते ती विमानाच्या अंगाकडची जागा. तिथून सोडलं तर रॉकेटची झळ विमानाच्याच अंगाला बसते. किटमध्ये तीन देतात म्हणून तीन चिकटवू नका.

दोन्ही पंखांखाली सारखंच असायला हवं हाही गैरसमज. १९८२ च्या फॉकलंड युद्धात अर्जेंटिनाची सुपर एतांदार्द विमानं उजव्या पंखाखाली एक एक्झोसेट आणि डाव्या पंखाखाली इंधनाची टाकी घेऊन जात. हवेतून सोडायची एक्झोसेट त्यांच्याकडे एकूण पाचच होती.

जहाजावरचा मारा: थोडा हिशेब

याच विमानांनी ४ मे १९८२ रोजी ब्रिटिश नौदलाच्या ‘शेफील्ड’वर एक्झोसेट आदळवलं. २० खलाशी गेले. ‘जहाजाला दिसलं कसं नाही?’ हा प्रश्न मला प्रत्येक वेळी येतो. एक्झोसेट पाण्यावरून काही मीटर उंचीने येतं आणि पृथ्वी गोल आहे. रडारला किती लांबचं दिसेल याचं सोपं सूत्र असं: दोन्ही उंचींची मीटरमधली वर्गमुळं काढा, बेरीज करा आणि ४.१२ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये. जहाजाचा अँटेना २० मीटरवर आणि क्षेपणास्त्र ५ मीटरवर धरलं, तर साधारण २८ किलोमीटर. ध्वनीपेक्षा किंचित कमी वेगाने, सेकंदाला ३०० मीटर धरून, हे अंतर दीड मिनिटात संपतं. वेग ध्वनीच्या दुप्पट असेल तर ४० सेकंदांत. त्यात ओळखणं, ठरवणं, उलटा मारा करणं, सगळं आलं.

यातलीच दुसरी बाजू फोटोत दिसत नाही: क्षेपणास्त्र सोडणाऱ्या विमानालाही क्षितिजापलीकडचं जहाज आधी कुणीतरी दाखवावं लागतं. शेफील्डच्या वेळी ते काम नेपच्यून या टेहळणी विमानाने केलं होतं.

आदळलं म्हणजे फुटलंच असंही नाही. १७ मे १९८७ रोजी अमेरिकेच्या ‘स्टार्क’वर इराकी विमानाची दोन एक्झोसेट लागली. पहिल्याचं वॉरहेड फुटलं नाही, पण उरलेल्या इंधनाने आग लावली. दुसरं फुटलं. ३७ माणसं गेली.

आणि हे लक्षात असू द्या: जहाज बुडवणारं प्रत्येक क्षेपणास्त्र विमानातून आलेलं नसतं. १९६७ मध्ये इस्रायलची ‘एलात’ बुडाली आणि १९७१ मध्ये कराचीवर हल्ला झाला, ते दोन्ही वेळा छोट्या नौकांनी सोडलेल्या स्टिक्स क्षेपणास्त्रांनी. २०२२ मध्ये रशियाची ‘मॉस्क्वा’ किनाऱ्यावरून सुटलेल्या नेपच्यून क्षेपणास्त्रांनी बुडवली. हे नेपच्यून वेगळं, वरच्या विमानाशी त्याचं नावापुरतंच नातं.

पट्टे आणि अक्षरं

अमेरिकी आणि नाटो देशांच्या शस्त्रांवर रंगीत पट्टे असतात. पिवळा म्हणजे आत स्फोटक. तपकिरी म्हणजे रॉकेट मोटर भरलेली. निळा म्हणजे सरावाचं, निर्जीव. प्रदर्शनात विमानासमोर मांडलेल्या शस्त्रांवर बहुतेक निळेच पट्टे दिसतील. ‘युद्धसज्ज विमान’ अशा बातमीखाली निळा पट्टा दिसला की मी तो फोटो जपून ठेवतो.

मॅव्हरिकच्या बी आवृत्तीच्या अंगावर ‘सीन मॅग’ अशी अक्षरं छापलेली असतात. म्हणजे चित्र मोठं करून दाखवणारं. फोटो पुरेसा स्पष्ट असेल तर नाकाकडे बघायचीही गरज नाही.

अमेरिकी क्रमांकात एजीएम म्हणजे हवेतून जमिनीवर किंवा जहाजावर, आरजीएम जहाजावरून, यूजीएम पाण्याखालून, एआयएम विमानावर. हार्पून यातल्या पहिल्या तिन्ही अवतारांत आहे आणि तिघांचाही आकडा ८४ च. रशियन क्षेपणास्त्रांना नाटोने दिलेली टोपणनावं बघा: हवेतून जमिनीवर जाणाऱ्यांची ‘क’ने सुरू होतात. किचन, केंट, क्रिप्टॉन, कायाक.

राहिला पल्ला

बातमीत सगळ्यात ठळक हाच आकडा असतो आणि सगळ्यात कमी भरवसा मी यावरच ठेवतो. एकच रॉकेट क्षेपणास्त्र उंचावरून, वेगात असलेल्या विमानाने सोडलं तर विरळ हवेत लांब जातं. तेच समुद्राला घासून सोडलं तर त्याचा काही हिस्साच. छापला जातो तो मोठा आकडा. काही आकडे तर कागदावरचे असतात. ५०० किलोंचं ओझं ३०० किलोमीटरपलीकडे नेणाऱ्या क्षेपणास्त्रांच्या देवाणघेवाणीवर एमटीसीआर या आंतरराष्ट्रीय गटाचे कडक निर्बंध आहेत, म्हणून ब्राह्मोस वर्षानुवर्षं ‘२९० किलोमीटर’चं होतं. भारत जून २०१६ मध्ये त्या गटाचा सदस्य झाल्यावरच मोठे आकडे ऐकू यायला लागले.

तेव्हा फोटो पाठवताना आकडा लिहू नका. नाकाचा एक जवळून, पोटाचा एक खालून आणि विमान ओळखू येईल असा एक, एवढे तीन पाठवा. खालचा फोटो नसेल तर मी हार्पून म्हणेन की एक्झोसेट, याची खात्री माझीच मला नसते.